खान्देशात नाट्यपुरस्कार सोहळा उभा करताना: प्रयोग पाहण्यापासून पडदा पडेपर्यंत

नाट्यपुरस्कार सुरू करायचं ठरलं की मंडळाच्या पहिल्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो पाहुणा कोण आणायचा यावर. मालिकेतला चेहरा आणायचा की मुंबईच्या रंगभूमीवरचा जाणता नट, गाडीभाडं कोण देणार, मुक्काम कुठे, शाल कोणत्या रंगाची. हा विषय शेवटच्या बैठकीला ठेवा. पहिल्या बैठकीत एकच प्रश्न घ्या: ज्या नाटकांना आपण बक्षिसं देणार, ती नाटकं पाहणार कोण, कधी आणि कुठे बसून?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या हौशी नाट्यसंस्थांसाठी होणाऱ्या एका वार्षिक सोहळ्याच्या कामात मी काही वर्षं आहे. रोषणाई कमी पडली तर लोक विसरतात. ध्वनी बिघडला तर आठवडाभर बोलतात. पण निकाल पटला नाही तर पुढच्या वर्षी अर्जच येत नाहीत. म्हणून या लेखातली सर्वांत जास्त जागा मी निवाड्याला दिली आहे.

पहिली पायरी: कुठलं नाटक धरायचं, कुठलं नाही

नियमावली दोन पानांची पुरते, पण ती अर्ज मागवण्याआधी छापलेली हवी. न्यूयॉर्कच्या टोनी पुरस्कारांचं उदाहरण इथे कामाचं आहे. ब्रॉडवेच्या, म्हणजे तिथल्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीच्या, ठरलेल्या नाट्यगृहांतलीच नाटकं तिथे धरली जातात, आणि ब्रॉडवेचं नाट्यगृह म्हणजे ५०० किंवा त्याहून जास्त आसनांचं. नाटक कितीही गाजलेलं असो, छोट्या थिएटरात झालं असेल तर त्याचा विचार होत नाही. नियम कडक आहे, पण सगळ्यांना आधीपासून माहीत आहे, त्यामुळे कुणाला अन्याय वाटत नाही.

आपल्याकडे आसनांची अट घालण्यात अर्थ नाही. चोपड्याला किंवा शहाद्याला चांगलं नाटक शाळेच्या सभागृहात होतं आणि ते धरलंच पाहिजे. आपल्याला वेगळ्या अटी लागतात. पहिली, वर्षाची: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात तीन जिल्ह्यांत झालेला प्रयोग. राज्य हौशी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण हिवाळ्याच्या तोंडावर होते, म्हणजे तिची नाटकं एकाच वर्षात येतात आणि दोन वर्षांत विभागली जात नाहीत.

दुसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: वर्षात किमान दोन जाहीर प्रयोग, त्यातला एक स्पर्धेबाहेरचा. आपल्या भागातली कितीतरी नाटकं स्पर्धेत एकदा होतात, निकाल लागतो आणि नेपथ्याच्या फ्लॅट्स कुणाच्या तरी गोठ्यावर चढतात. तीन महिने तालीम करून माणसं पुन्हा ते नाटक करत नाहीत. आमच्याकडे ही अट आली तेव्हा कुरकुर झाली. मग पारोळ्याच्या बाजूच्या एका संस्थेने दुसरा प्रयोग आपल्याच गावात केला, चावडीसमोर. त्या गावातल्या लोकांनी आपल्या शिक्षकाला, कंपाउंडरला आणि किराणावाल्याच्या मुलीला पहिल्यांदा रंगमंचावर पाहिलं. संस्था तिथेच होती, पण नाटक आजवर गावाबाहेरच व्हायचं.

तिसरी अट भाषेची, आणि ती दार उघडणारी असावी. अर्जावर 'मराठी नाटक' एवढंच छापलं तर अहिराणीवाले अर्ज करताना बिचकतात. 'मराठी, अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी आणि खान्देशातल्या सर्व बोली' असं स्पष्ट लिहा. एका वर्षी एक दिग्दर्शक दादा मला म्हणाले होते, "आमनं नाटक देखाले कोणी उनंच नही." ते खरं होतं. आमच्या परीक्षकांपैकी एकालाही अहिराणी नीट कळत नव्हती, म्हणून त्या प्रयोगाला जायचं टाळलं गेलं होतं. तेव्हापासून तिघांतला एक परीक्षक बोली जाणणारा, हा आमचा नियम झाला.

एकांकिका आणि बालनाट्य पूर्ण लांबीच्या नाटकाशी लढवू नका, त्यांचे विभाग वेगळे ठेवा. वहीगायन (खान्देशातलं लोकगायन) आणि तमाशाच्या फडांना स्पर्धेत ओढू नये असं माझं मत आहे. त्यांची रात्र, त्यांचा प्रेक्षक आणि त्यांची मोजपट्टी वेगळी असते. त्यातल्या एका ज्येष्ठ कलावंताला दरवर्षी मानाचा पुरस्कार द्यावा, आणि तो सोहळ्याच्या मध्यावर, सभागृह भरलेलं असताना.

दुसरी पायरी: परीक्षक आणि त्यांचा प्रवास

तीन परीक्षक पुरतात. दोन खान्देशाबाहेरचे आणि एक इथला, ही जोडणी आम्हाला मानवली. तिघेही इथले घेतले तर कुणी ना कुणी कुणाचा मामा, साडू किंवा गुरुजी निघतोच, त्याला इलाज नाही. म्हणून परीक्षकाने सुरुवातीलाच लिहून द्यायचं की अमुक संस्थेत माझे नातेवाईक किंवा विद्यार्थी आहेत, आणि त्या नाटकापुरतं राखीव परीक्षकाने बसायचं. मागाहून कळलं तर बोभाटा होतो, आधी लिहून दिलं तर त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

एक नियम मात्र दगडावर कोरून ठेवा: तिन्ही परीक्षकांनी प्रयोग प्रत्यक्ष पाहिलाच पाहिजे. चित्रफितीवर काम भागवू नका. कॅमेरा पुढच्या रांगेत असतो, तो नटाचा चेहरा दाखवतो पण मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचला की नाही हे सांगत नाही. प्रकाशयोजनेचं तर चित्रफितीत पार वाटोळं होतं. निळा अंधार कॅमेऱ्याला काळा दिसतो.

आता प्रवासाचं गणित. हे कागदावर आखल्याशिवाय परीक्षकांना होकार मागू नका. सुरत–भुसावळ लोहमार्ग आपल्याला वरदान आहे: भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही गावं एका रेषेत येतात. या रेषेवरचे प्रयोग लागोपाठच्या शनिवार-रविवारी बांधून घ्यायला संस्थांना विनंती करा. धुळ्याला रेल्वेने जायचं तर चाळीसगावहून फाट्याची गाडी, नाहीतर सरळ एसटी किंवा मोटार. शिरपूर, शहादा, चोपडा, रावेर, यावल इथले प्रयोग मोटारीनेच पाहावे लागतात. प्रयोग रात्री साडेअकराला संपतो, कलाकार गराडा घालतात आणि बारा वाजता परीक्षक स्टॅंडवर उभे राहतात. परतीची गाडी किंवा मुक्काम यांपैकी एक तरी ठरलेला हवा.

मुक्काम आणि जेवण समितीच्या खर्चाने. इथे आपला खान्देशी पाहुणचार आडवा येतो, हे मी प्रेमाने सांगतो. नाटक संपलं की संस्थेचे आबा म्हणतात, "परीक्षक साहेब, शेवभाजी तयार आहे, कळण्याच्या भाकरी टाकल्यात, दोन घास खाल्ल्याशिवाय सोडणार नाही." त्यात लाच देण्याचा विचार कुणाच्या मनात नसतो. पण दुसऱ्या संस्थेच्या मनात तो विचार येतोच. आम्ही सगळ्या संस्थांना आधीच पत्र पाठवतो: निकालाच्या रात्री आपण सगळे एका पंगतीत बसू, तोवर परीक्षकांना पाण्याशिवाय काही देऊ नका. पहिल्या वर्षी थोडी नाराजी झाली, दुसऱ्या वर्षापासून लोक स्वतःच सांभाळायला लागले.

गुणपत्रिका त्याच रात्री भरायची, सही करायची, पाकिटात घालायची, पाकीट चिकटवून जोडावर पुन्हा सही. घरी नेऊन मग भरतो म्हणणाऱ्या परीक्षकाच्या डोक्यात आठ दिवसांनी दोन नाटकं मिसळलेली असतात.

तिसरी पायरी: संगीत नाटकाचा वेगळा विचार

टोनीमध्ये गद्य नाटक आणि संगीतिका यांचे पुरस्कार वेगळे आहेत, आणि जुनं नाटक नव्याने उभं केलं तर त्याचाही विभाग वेगळा. हे आपण जरूर घ्यावं. संगीत नाटक करायला गद्य नाटकापेक्षा निराळी तयारी लागते: गाणारा नट, ऑर्गनची साथ, तबलजी, आणि पदागणिक थांबून पुन्हा संवादात यायची सवय. दोन्ही एका ताटात वाढली तर एकतर गाण्याच्या बळावर कच्चं नाटक पुढे जातं, नाहीतर परीक्षकाला गाण्यातलं कळत नाही म्हणून चांगलं संगीत नाटक मागे पडतं. राज्य शासनही संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी घेतं.

जळगावात तर हा विभाग असायलाच हवा. बालगंधर्वांनी लहानपणी गाण्याची पहिली तालीम याच गावी मेहबूबखाँकडे घेतली. त्यांचं नाव दिलेलं खुलं नाट्यगृह आजही शहरात आहे. आणखी एक योगायोग मला फार आवडतो. नारायणराव राजहंसांचा, म्हणजे बालगंधर्वांचा, जन्म २६ जून १८८८चा. ज्यांच्या नावाने टोनी पुरस्कार दिले जातात त्या अभिनेत्री-दिग्दर्शिका ॲंटोनेट पेरी यांचा जन्म २७ जून १८८८चा. एक नागठाण्यात, एक अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये, आणि मध्ये एकाच दिवसाचं अंतर.

संगीत नाटकाची व्याख्या नियमावलीत लिहा, नाहीतर दोन गाणी स्पीकरवर वाजवणारं नाटकही अर्ज करेल. आमची व्याख्या अशी: किमान सहा पदं, नटाने रंगमंचावर स्वतः गायलेली, साथ जिवंत. ध्वनिमुद्रित संगीतावर ओठ हलवले असतील तर नाटक गद्य विभागात. गाणी ध्वनिमुद्रित साथीवर पण आवाज जिवंत असेल तर आम्ही 'संगीतप्रधान नाटक' म्हणून गद्य विभागातच घेतो, पण संगीत दिग्दर्शनाच्या पुरस्कारासाठी पात्र ठरवतो. तुम्ही वेगळी रेषा आखा, पण आखा.

या विभागासाठी गाण्यातला जाणकार परीक्षक लागतो. तो तीनपैकी एक असेल तर उत्तम, नसेल तर चौथा बोलवा आणि त्याला फक्त गायन, संगीत दिग्दर्शन आणि साथसंगत एवढंच तपासायला द्या. साथसंगतीचा पुरस्कार ठेवायला विसरू नका. दोन अंक नटाच्या श्वासाकडे डोळे लावून बसलेल्या ऑर्गनवादकाचं नाव आपल्याकडे पत्रिकेतसुद्धा धड छापलेलं नसतं.

चौथी पायरी: गुण की क्रम

बहुतेक समित्या गुणांची बेरीज करतात आणि तिथेच फसतात. उदाहरण आकड्यांनी दाखवतो. तीन नाटकं धरा: क, ख, ग. पहिल्या परीक्षकाने क-ला ८२, ख-ला ८०, ग-ला ७८ दिले. दुसऱ्याने ७९, ७८, ७५. दोघांचंही मत एकच: क पहिलं, ग तिसरं. तिसऱ्या परीक्षकाला ग फार आवडलं, त्याने क-ला ४५, ख-ला ६० आणि ग-ला ८५ दिले. बेरीज करा. क २०६, ख २१८, ग २३८. दोन परीक्षकांनी ज्याला शेवटचं ठरवलं ते नाटक पहिलं आलं, आणि दोघांनी पहिलं ठरवलेलं शेवटी गेलं. तिसऱ्या परीक्षकाने लबाडी केली असंही नाही, त्याची गुण देण्याची पट्टी लांब आहे इतकंच.

आता हेच क्रमाने मोजा. पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. क-चे १, १, ३ मिळून ५. ख-चे २, २, २ मिळून ६. ग-चे ३, ३, १ मिळून ७. सर्वांत कमी बेरीज क-ची, क पहिलं. प्रत्येक परीक्षकाचं वजन सारखं राहिलं.

म्हणून परीक्षकांकडून गुण घ्या, पण त्या गुणांवरून प्रत्येकाचा स्वतःचा क्रम लावा आणि क्रमांची बेरीज करा. बरोबरी झाली तर काय, हेही आधी लिहा. आमच्याकडे जास्त परीक्षकांनी पहिल्या क्रमांकावर ठेवलेलं नाटक वर जातं. तरीही बरोबरी राहिली तर पुरस्कार विभागून. अध्यक्षांचं निर्णायक मत ठेवू नका. त्या मताने एक संस्था कायमची दुखावते आणि अध्यक्षांचं गावात फिरणं अवघड होतं.

नामांकनं आणि पाकिटं

प्रत्येक विभागात तीन नामांकनं जाहीर करा, सोहळ्याच्या निदान १५ दिवस आधी. यामुळे दोन गोष्टी होतात. स्थानिक वर्तमानपत्रांत नावं येतात, आणि ज्यांना पुरस्कार मिळणार नाही त्यांनाही घरी दाखवायला काहीतरी मिळतं. एखाद्या विभागात तीन चांगली नावं नसतील तर दोनच द्या. ओढूनताणून तिसरं नाव घालू नका, प्रेक्षकांनी ती नाटकं पाहिलेली असतात.

टोनीमध्ये नामांकन ठरवणारे वेगळे आणि अंतिम मत देणारे वेगळे असतात, मतं गुप्त असतात आणि मोजणी हिशेब तपासणारी बाहेरची संस्था करते. आपल्याला एवढा पसारा परवडत नाही, पण मोजणी बाहेरच्याने करावी हे जमण्यासारखं आहे. गावातल्या एखाद्या सनदी लेखापालाला विनंती करा. तो नाटकवाला नसेल तर आणखी चांगलं. त्याच्या कार्यालयात पाकिटं फुटतील, क्रमांची बेरीज होईल आणि विजेत्यांची नवी पाकिटं तिथेच बंद होतील. निकाल फक्त त्याला आणि सन्मानपत्र लिहिणाऱ्याला माहीत. निवेदकालाही नाही.

पाकिटातल्या कागदावर विभागाचं नाव विजेत्याच्या नावापेक्षा मोठं छापा. पाहुण्याच्या हातात चुकीचं पाकीट गेलं तर वाचण्याआधी त्याच्या लक्षात यायला हवं. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. रंगमंचावर दिव्याच्या झोतात, चष्मा घरी विसरलेल्या ज्येष्ठ रंगकर्मींनाही ते वाचता आलं पाहिजे.

तारीख, नाट्यगृह, परवाने

तारीख ठरवताना पंचांग, शाळेचं वेळापत्रक आणि शेत या तिन्हींकडे बघा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४२च्या वर जातो, शिवाय आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात आणि लग्नसराई असते. जूनमध्ये पेरणी. बालगंधर्वांच्या जयंतीचा दिवस मोहात पाडतो, पण २६ जूनला पाऊस पडला तर शेतकरी कलाकार येणार नाहीत, आणि नाही पडला तर त्यांचं लक्ष आभाळाकडे असेल. श्रावणात कानबाईचा सण. दिवाळीच्या मागे-पुढे कापसाची वेचणी आणि स्पर्धेच्या तालमी. राहता राहिला जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. हवा थंड, परीक्षा अजून लांब, आणि बामणोदच्या वांग्यांचं भरीत पंगतीला मिळतं. २७ मार्च, जागतिक रंगभूमी दिन, हा दुसरा चांगला पर्याय, पण तेव्हा दहावीच्या परीक्षा नुकत्याच आटोपत असतात आणि ऊन चढू लागलेलं असतं.

नाट्यगृहासाठी जळगावचं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह, धुळ्याचं राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आणि नंदुरबारचं छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर हे उघड पर्याय. सोहळा दरवर्षी एकाच गावी न घेता तीन जिल्ह्यांत फिरता ठेवा. कायम जळगावलाच केला तर नंदुरबारकरांना तो जळगावकरांचाच सोहळा वाटतो, आणि त्यांचं चुकत नाही.

नाट्यगृह आरक्षित करण्याआधी स्वतः जाऊन पाहा. तक्ता हातात घेऊन मोजा: किती स्पॉट चालू आहेत, दिवे कमी-जास्त करणाऱ्या डिमरचे किती चॅनल जिवंत आहेत, जनित्र किती वेळ टिकतं, मेकअप खोलीत पाणी येतं का, स्त्री कलाकारांच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का. पंख्याचा आवाज ऐका. गद्य संवादाला तो चालून जातो, पण ख्याल अंगाच्या पदात तो तंबोऱ्यावर बसतो.

परवान्यांत वेळ जातो, म्हणून निदान एक महिना हाताशी ठेवा. पोलीस ठाण्याला कार्यक्रमाची माहिती आणि परवानगीचा अर्ज. नाट्यप्रवेश सादर होणार असतील तर त्या संहितांची रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची प्रमाणपत्रं संस्थांकडून घेऊन फाईलला लावा. रात्री १० नंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपक चालत नाही. बंदिस्त सभागृहाला या नियमात सवलत आहे, खुल्या रंगमंचाला नाही, म्हणून बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात सोहळा करणार असाल तर पावणेदहाला शेवटचा पुरस्कार हातात पडलाच पाहिजे. गाण्यांच्या हक्कांचंही बघा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. नाटककार गो. ब. देवलांचं निधन १९१६चं, कृ. प्र. खाडिलकरांचं १९४८चं, त्यांचे शब्द मोकळे आहेत. अलीकडच्या नाटककारांच्या पदांसाठी वारसांना पत्र लिहा, आणि शब्दांइतकाच चालीचाही हक्क असतो हे लक्षात ठेवा.

पैसा

थोडक्यात सांगतो. संस्था नोंदलेली हवी, बॅंकेचं खातं संस्थेच्या नावाने हवं आणि प्रत्येक देणगीची पावती फाडली गेली पाहिजे. कंपन्यांच्या सामाजिक निधीकडे जायचं तर सीएसआर-१ नोंदणी लागते, तिची तयारी सहा महिने आधी. प्रायोजकाचं नाव सोहळ्याला द्या, पण पुरस्काराला देऊ नका. 'अमुक ट्रेडर्स सर्वोत्कृष्ट अभिनेत्री' असं म्हटलं की त्या मुलीने तीन महिने केलेली मेहनत जाहिरातीच्या मागे जाते. पहिला खर्च परीक्षकांच्या प्रवासाचा, शेवटचा पाहुण्यांच्या हाराचा.

स्मृतिचिन्हासाठी अडून बसू नका. टोनीचा पहिला समारंभ ६ एप्रिल १९४७ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात झाला तेव्हा पदक नव्हतंच. विजेत्यांना गुंडाळीचं मानपत्र आणि सिगारेट लायटर किंवा पावडरची डबी अशी छोटी भेट मिळाली. मुखवटे कोरलेलं पदक १९४९ला आलं. आपणही सुरुवातीला हाताने लिहिलेलं मानपत्र द्यावं. गावात सुलेखन करणारा एखादा चित्रकला शिक्षक असतोच. त्या कागदावर नाव बरोबर लिहिलेलं असणं धातूपेक्षा महत्त्वाचं. नावांची यादी विजेत्यांच्याच नाही, सगळ्या नामांकितांच्या घरी फोन करून तपासा: ऱ्हस्व-दीर्घ, वडिलांचं नाव लावतात की नाही, लग्नानंतरचं आडनाव चालतं का.

सोहळ्याची संध्याकाळ

आधी मिनिटांचा हिशेब. १८ पुरस्कार, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे ५४. चार नाट्यप्रवेश सात-सात मिनिटांचे, २८. तीन पदं पाच-पाच मिनिटांची, १५. नांदी आणि दीपप्रज्वलन १०. पाहुण्यांचं बोलणं आणि ज्येष्ठांचा सन्मान २०. बेरीज १२७ मिनिटं, म्हणजे दोन तास सात मिनिटं. साडेसहाला सुरू केलं तर पावणेनऊच्या आत संपतं आणि शिरपूरच्या मंडळींना मध्यरात्रीआधी घर गाठता येतं. प्रास्ताविक चार मिनिटांचं करा. व्यासपीठावर खुर्च्यांची रांग मांडू नका. पाहुणे पहिल्या रांगेत बसतील, नाव पुकारलं की वर येतील, पुरस्कार देतील आणि खाली जातील. रंगमंच नटांचा आहे.

पुरस्कारांचा क्रम लावताना तांत्रिक पुरस्कार सुरुवातीला उरकून टाकायची सवय मोडा. एक अभिनयाचा, एक तांत्रिक, मध्ये एक प्रवेश, अशी वीण ठेवा. नेपथ्याच्या पुरस्काराआधी त्या नाटकाचा फोटो पडद्यावर किमान दहा सेकंद दिसू द्या.

पदांचा क्रम मात्र भावनेने लावू नका, पट्टीने, म्हणजे गाणाऱ्याच्या मूळ सुराने लावा. गाणाऱ्या तीन जणांत एकाची पट्टी वेगळी असेल आणि दोघींची एकच, तर दोघींची पदं लागोपाठ घ्या. तबलजीकडे एकच तबला असेल आणि मध्येच पट्टी बदलली तर त्याला हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसावं लागतं, आणि ते ठकठक पूर्ण सभागृह ऐकतं. शक्य असेल तर दोन पट्ट्यांचे दोन तबले आधीच लावून ठेवायला सांगा. ऑर्गनला एक माइक पाठीमागून, तबला-डग्ग्याला दोन. गाणाऱ्याला त्याची साथ ऐकू येईल असा एक स्पीकर रंगमंचाकडे तोंड करून हवा. ही चाचणी दुपारी ३ वाजता, रिकाम्या सभागृहात. पाच वाजता प्रेक्षक येऊ लागल्यावर 'हॅलो, वन टू थ्री' करणं हा नाट्यगृहाचा अपमान आहे असं मी मानतो.

आता एक चूक सांगतो, आमचीच. सोहळ्याच्या दुसऱ्या वर्षी सर्वोत्कृष्ट प्रकाशयोजनेचा पुरस्कार जाहीर झाला. नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, कुणी वर येईना. निवेदिका ताईंनी पुन्हा पुकारलं. मग माझी नजर सभागृहाच्या मागे, वरच्या प्रकाशकक्षाच्या काचेकडे गेली. तो मुलगा तिथेच उभा होता, डिमर बोर्डवर दोन्ही हात ठेवून. आम्हीच त्याला सोहळ्याचे दिवे सांभाळायला बसवलं होतं. त्याला खाली यायचं होतं, पण बोर्ड सोडला असता तर रंगमंचावर अंधार झाला असता. त्याने काचेतून हात जोडले. आम्ही पुरस्कार त्याच्या मित्राच्या हाती दिला आणि पुढे गेलो. त्याची आई चौथ्या रांगेत होती. साक्रीजवळच्या खेड्यातून एसटीने आली होती, मुलाला वर जाताना बघायला.

तेव्हापासून नामांकन मिळालेल्या एकाही माणसाला त्या संध्याकाळी काम द्यायचं नाही, हा नियम आहे. दिवे, ध्वनी, पडदा आणि रंगभूषा यांसाठी माणसं बाहेरून घ्यायची, त्यांना मानधन द्यायचं, आणि प्रत्येक जागी एक बदली माणूस उभा ठेवायचा. त्या मुलाला पुढच्या वर्षी आम्ही आईसकट पुन्हा बोलावलं, त्याच मानपत्रासह, आणि सोहळ्याची सुरुवात त्याच्यापासून केली.

पडदा पडल्यावर

त्या रात्रीची पंगत पुढे ढकलू नका. विजेते आणि न जिंकलेले एकत्र जेवले की निम्मी कटुता तिथेच संपते. भरीत, पुरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, बस.

दुसऱ्या दिवसापासून आठ दिवसांत तीन कामं. परीक्षकांनी प्रत्येक नाटकाबद्दल लिहिलेला अर्ध्या पानाचा शेरा त्या त्या संस्थेला पाठवा, नामांकन मिळालं असो वा नसो. हे काम मागे पडतं, पण संस्था वर्षभर त्याचीच वाट बघत असतात. 'दुसऱ्या अंकात लय उतरते' एवढं एक वाक्यसुद्धा दिग्दर्शक पुढच्या तालमीला घेऊन जातो. क्रमांचा तक्ता, परीक्षकांची नावं झाकून, ज्याला पाहायचा असेल त्याला दाखवा. जमाखर्च छापून देणगीदारांना द्या, तूट असेल तर तूट म्हणून.

आणि सकाळी नाट्यगृहाची चावी परत करायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. पुढच्या वर्षी ज्या गावाची पाळी आहे तिथल्या नाट्यगृहाच्या नावाने, फेब्रुवारीतल्या शनिवारसाठी लिहिलेला अर्ज खिशात ठेवा आणि पहिल्या गाडीने तिकडे निघा.